आवाज आला तिकडे धावू नका!

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या की मुलं संगणकापुढे ठाण मांडून बसतात आणि आपण स्वयंपाकघरातून हाका मारत राहतो, हे आता घरोघरचंच झालं आहे. आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे. गेल्या सुट्टीत त्यांना समुद्रावरच्या लढाईच्या एका खेळाचं वेड लागलं होतं. मालाच्या बोटींचा तांडा पलीकडच्या बंदरात सुखरूप न्यायचा, बरोबर राखणीला पाच-सहा लढाऊ बोटी, आणि वाटेत शत्रूच्या पाणबुड्या. दोन-तीन पाणबुड्या असल्या की स्वारी जिंकायची. पंधरा-वीस आल्या की हमखास हार, आणि मग सगळा राग पानातल्या भाजीवर!

एका तिन्हीसांजेला बोट फुटल्याचा मोठा आवाज झाला. माझ्या सासूबाई जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "बंद कर ते. बोटी बुडवायचा खेळ माझ्या घरात नको."

त्यांचा आवाज कधी चढत नाही हो. मुलगा गोंधळूनच गेला. मला मात्र कारण ठाऊक होतं. त्यांचे वडील रत्नागिरीकडचे. इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम. १९४१ सालच्या अखेरीस अटलांटिक महासागरात पाणबुडीने त्यांची बोट बुडवली. सासूबाई तेव्हा पाळण्यात होत्या. वडिलांचा चेहरा त्यांना फोटोतूनच माहीत. त्या महायुद्धात हजारो हिंदी खलाशी असेच गेले. त्यांत आपल्या कोकणातले आणि गोव्याचेही होते.

मुलाला हे सगळं सांगितलं. पण माझ्याच मनात प्रश्न राहिला, की त्या बोटींची राखण करणारे कुठे होते? वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायला बसले, आणि खरं सांगते, थक्क झाले.

१९४२ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात, डर्बी हाऊस नावाच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर नौदलाने चक्क एक खेळ मांडला. प्रमुख होते कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स. क्षयामुळे १९३८ साली नौदलातून निवृत्त झालेले. आणि हाताखाली कोण, तर बहुतेक मुलीच! नौदलाच्या स्त्रीशाखेतल्या या मुलींना 'रेन' म्हणत. वय विशीच्या आसपास. समुद्रावरची लढाई त्यांनी कधी पाहिलेलीही नव्हती.

खोलीभर जमिनीवर चौकोन आखलेले. त्यांवर छोट्या छोट्या बोटी ठेवायच्या आणि त्यांची वाट खडूने काढायची. राखणीच्या बोटींचे अधिकारी पडद्याआड उभे. पडद्याला एक फट. रात्री आपल्या बोटीवरून जेवढं दिसेल तेवढंच त्या फटीतून दिसायचं. राखणीच्या बोटींची वाट पांढऱ्या खडूने काढायची, पाणबुडीची हिरव्या. हा हिरवा रंग असा निवडलेला, की पडद्यामागून तो दिसूच नये. एक डाव म्हणजे समुद्रावरची दोन मिनिटं. तेवढ्यात अधिकाऱ्याने हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि मुलींनी बोट हलवायची. अंगणात रांगोळी काढणाऱ्या आपल्या मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या बघा!

तोवर समज असा होता, की पाणबुडी तांड्याच्या बाहेर लांब राहून टॉर्पेडो मारते. म्हणून बोट फुटली, की राखणीच्या बोटी बाहेरच्या अंधारात धावायच्या. रॉबर्ट्स आणि त्या मुलींनी घडून गेलेल्या लढाया जमिनीवर पुन्हा मांडल्या. लांबून मारलं तर काही केल्या हिशेब जुळेना. मग त्यांनी स्वतःलाच विचारलं, पाणबुडीत आपण असतो तर काय केलं असतं? उत्तर मिळालं. रात्रीच्या अंधारात पाण्यावरूनच, मागच्या बाजूने थेट तांड्यात शिरायचं. जवळून मारायचं. मग बुडी घेऊन खाली स्वस्थ राहायचं आणि तांडा डोक्यावरून पुढे गेला की मागच्या मागे पसार व्हायचं. म्हणजे चोर घरातच, आणि राखणदार गावभर!

यावर उतारा निघाला तो असा. आवाज झाला तरी बाहेर धावायचं नाही. राखणीच्या बोटींनी तांड्याच्या मागे येऊन रांग धरायची आणि प्रतिध्वनीच्या यंत्राने ते पाणी विंचरून काढायचं. जीन लेडलॉ नावाच्या रेनने या डावाला नाव दिलं 'रास्पबेरी'. नाव फळाचं, पण इंग्रजीत तोंडाने फुर्र आवाज काढून वेडावण्यालाही तेच म्हणतात. हे वेडावणं हिटलरला होतं.

पुढे अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन प्रमुख झाले. ते स्वतः जुने पाणबुडीवाले. खेळात त्यांनी पाणबुडीची बाजू घेतली आणि पाचही वेळा बुडाले! पडद्यापलीकडे कोण आहे म्हणून पाहतात, तर जॅनेट ओकेल ही विशीतली रेन.

पाणबुड्या कळपाने यायच्या, म्हणून असे आणखीही डाव शोधले गेले. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी इथे शिकून गेले. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि त्याच महिन्यात उत्तर अटलांटिकमधून कळप मागे घ्यावे लागले. विमानं, रडार, शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल यांचा त्यात मोठा वाटा होताच. पण खडूच्या त्या रेघांचाही होता.

हे सगळं मी एका दुपारी शेंगा सोलता सोलता सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोन महिने आधी का गं नाही बसल्या त्या मुली खेळायला?"

काय सांगणार? त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले.

त्या रात्री मी मुलाला म्हटलं, "बाळा, उद्या आधी पाणबुडीवाल्याच्या बाजूने खेळून बघ." त्याने कागदावर रेघा मारल्या, दोन दिवस मारल्या. तिसऱ्या दिवशी कळपाशी गाठ पडली, तेव्हा त्याने बोटी बाहेर पळवल्या नाहीत. चार बोटी बुडाल्या, पण बाकीचा तांडा बंदरात पोचला. मागे खुर्चीत बसून सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "त्या चार बोटींतली माणसं उचलून घेतलीस का रे?" खेळात ती सोयच नव्हती. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "नाही, आजी."

मैत्रिणींनो, आपल्याही घरी अडचणी एकेकट्या येत नाहीत, कळपानेच येतात. आजारपण, फीचे पैसे, नात्यातला रुसवा, सगळं एकदम. आणि जिथे आवाज होईल तिकडे आपण धावत सुटतो. अशा वेळी मी हल्ली क्षणभर थांबते. समोरच्याच्या खुर्चीत मनाने बसून बघते. दुखणं पुष्कळदा आपल्याच तांड्यात, अगदी मागे, गप्प बसलेलं असतं. आमच्या घरी ते जपमाळ घेऊन बसलेलं होतं, आणि इतकी वर्षं आम्ही कुणी त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती.