देवमासा आणि समुद्रगरुड

२०२३ च्या दिवाळीत आम्ही मंडणगड तालुक्यातील आमच्या मूळ घरी, बाणकोटच्या खाडीकाठी, गेलो होतो. त्याच दिवसांत आमच्याच जिल्ह्यात, गणपतीपुळ्याच्या वाळूवर, देवमाशाचे एक पिल्लू येऊन पडले. ओली फडकी घालून, अंगावर पाणी ओतून लोकांनी त्यास जगविण्याची शिकस्त केली. पुन्हा समुद्रात नेऊन सोडले. तरी ते वाचले नाही. वृत्तपत्रातील ती हकीकत ओसरीवर मोठ्याने वाचली गेली, तेव्हा आम्हां सर्वांस फार हळहळ वाटली.

त्याच ओसरीसमोर, वाडीच्या टोकाला, एक जुना आंबा आहे व त्याच्या शेंड्याजवळ समुद्रगरुडाचे घरटे आहे. घराचे छप्पर गळत होते, झाड फारसे फळत नव्हते. तेव्हा थोरल्या बंधूंनी ते लाकूडवाल्यास देण्याचे ठरविले होते. आम्हीही रुकार दिला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः या दोन प्राण्यांत साम्य ते काय? निळा देवमासा शंभर फुटांच्या घरात जातो, वजनाने दीडशे टनांपर्यंत भरतो. गरुड पंख पसरून सहासात फूट, वजन दोनचार किलो. पण त्या अवाढव्य मुखात एकही दात नाही. झालरीसारख्या पट्ट्यांतून पाणी गाळून, कोळंबीसारख्या बोटभर जीवांवर त्याची गुजराण चालते. उलट एवढासा पक्षी जिवंत समुद्रसर्प नखांत धरून उचलतो!

तथापि एका बाबतीत दोघेही सारखेच परावलंबी आहेत. देवमाशाची मादी दोनतीन वर्षांनी एकच पिल्लू प्रसवते व ते कित्येक महिने दुधावर वाढते. आई अंतरली की टनावारी देह व्यर्थ होय. गरुडाची मादी बहुधा दोनच अंडी घालते, आणि ते जोडपे त्याच घरट्यात वर्षानुवर्षे काटक्यांची भर घालीत राहते. पिल्लास जशी आई, तसे त्या जोडप्यास ते झाड.

हे ध्यानी आले आणि आम्ही मनातून ओशाळलो. ज्यास वाचविणे आमच्या हाती नव्हते त्याच्यासाठी आम्ही उसासे टाकीत होतो, आणि ज्यास वाचविणे हाती होते त्याचा सौदा करून बसलो होतो.

संध्याकाळी बंधूंजवळ विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, तुझी दया खरी, पण पावसात घरभर भांडी मांडायची ती तुझ्या वहिनीला."

तीस वर्षांच्या अध्यापनात जमविलेले एकही उत्तर येथे उपयोगी पडेना. अखेर पुस्तकांच्या नव्या कपाटासाठी शिल्लक टाकलेली रक्कम आम्ही रिपा-कौलांसाठी बंधूंच्या हाती ठेविली.

आता छप्पर गळत नाही. आंब्याखाली माशांचे काटे पडतात, वास सुटतो आणि वहिनी कुरकुरतात. बंधू मात्र अंगणात येताच आधी मान वर करून पाहतात, असे आमच्या दृष्टीस पडले आहे.