अंकल एक, आणि काका-मामा दोन

मंडळी, ज्यांच्या घरी चौथी-पाचवीतलं मूल पायथन शिकायला लागलंय, त्यांच्यासाठी ही जरा लांबट पोस्ट. २०२० पासून इथल्या सगळ्या प्राथमिक शाळांत वरच्या वर्गांना 'कोड फॉर फन'चे दहाएक तास असतात. त्यामुळे 'लूप' आणि 'डिक्शनरी' हे शब्द आज ना उद्या तुमच्याही जेवणाच्या टेबलावर येणारच. आमच्याकडे यिशुनला ते आले, आणि त्यातून निघालं भलतंच काहीतरी.

आधी लूप. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा. पण त्याचे दोन प्रकार मुलांना गोंधळात टाकतात. मी लेकीला पंगतीचं उदाहरण दिलं. 'फॉर' लूप म्हणजे ओळीने प्रत्येक पानात एकेक जिलबी वाढत जायचं; पानं संपली की काम संपलं. 'व्हाइल' लूप म्हणजे एकाच पाहुण्याला तो 'पुरे' म्हणेपर्यंत वाढत राहायचं. आणि पाहुण्याचं 'पुरे' ऐकूच आलं नाही, तर? तर तो न संपणारा लूप! आजोळी जेवलेल्या मुलांना हे लगेच पटतं.

आता डिक्शनरी. हिचा शब्दकोशाशी संबंध आहे, पण ती नुसती शब्दार्थांची नसते. किल्ली द्या, त्या खणातली वस्तू घ्या, इतकंच. आपल्या एमआरटीचे कोड घ्या. एनएस १३ म्हटलं की यिशुन, एनएस १४ म्हटलं की खातिब. इथे नुसते आकडे मोजत जाऊन भागत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅनबेरा सुरू होईपर्यंत एनएस १२ नावाचं स्टेशनच नव्हतं, आणि एनएस ६ तर अजूनही नाही. डिक्शनरीला मधल्या रिकाम्या जागांचं काही वाटत नाही. फक्त नसलेली किल्ली मागितली, तर प्रोग्राम तिथेच अडतो. म्हणून आधी 'ही किल्ली आहे का' असं विचारायची सवय लावावी.

लेकीने यावर एक छोटा खेळ लिहिला. स्क्रीनवर इंग्रजी नातं येणार, आपण मराठी शब्द लिहायचा, बरोबर आला तर एक गुण. तिने दहा जोड्या भरल्या: अंकलला काका, आंटला काकू, पुन्हा अंकलला मामा, आंटला मामी, आत्या, मावशी, मग आजी, आजोबा, भाऊ, बहीण. खेळ चालू केला तर प्रश्न आले फक्त सहा! काका गायब, काकू गायब, मामी आणि आत्याही गायब. लाल अक्षरात चूक दाखवली असती तरी बरं. पायथनने चकार शब्द काढला नाही.

"आई, काका कुठे गेला?"

कारण साधं आहे. एका किल्लीला एकच खण. 'अंकल'च्या खणात आधी काका ठेवला, नंतर मामा ठेवला, की काका बाहेर. शेवटी ठेवलेला उरतो.

मला हे ऐकून हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण हे कॉम्प्युटरमध्येच घडतं असं नाही. इथे हॉकर सेंटरमध्ये कॉफी देणारे अंकल, टॅक्सीवाले अंकल, लिफ्टमध्ये भेटणारे अंकल, आणि फोनवरचा माझा सख्खा भाऊही अंकलच. शाळेत मातृभाषा म्हणून तमिळ मिळते; हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूही घेता येते; मराठी नाही. म्हणजे आत्या आणि मावशी हे दोन वेगळे शब्द आहेत, हे सांगायला घराबाहेर कुणीही नाही. तेही असेच गुपचूप जातात, चूक न दाखवता.

खेळाची दुरुस्ती सोपी होती: किल्ल्या उलट्या करायच्या. मराठी शब्द किल्ली, आणि खणात त्याचा अर्थ. काका म्हणजे बाबांचा भाऊ, मामा म्हणजे आईचा भाऊ. दहाच्या दहा राहिले. पण अर्थ भरताना ती अडली: मावशीच्या नवऱ्याला काय म्हणायचं? रात्री नऊला आजीला फोन लावला. तिकडे साडेसहा, दिवेलागणीची वेळ. आजी म्हणाली, "तोही काकाच. आणि आत्याचा नवरा आमच्याकडे मामा, तुझ्या बाबांकडे आतोबा." झालं! आता एका किल्लीत दोन अर्थ. मग एका खणात एक अर्थ न ठेवता अख्खी यादी ठेवायला ती शिकली, आणि त्या यादीवर फिरायला लूपच्या आत आणखी एक लूप. पुस्तकात हा धडा बराच पुढे असतो.

आता डिक्शनरीत नणंद, जाऊ, साडू, विहीण असे सव्वीस शब्द झालेत. आजी दर फोनला एखादा वाढवते.

तुमच्याकडे मूल कोडिंग शिकत असेल तर त्याला हा खेळ लिहायला सांगा. अर्थ तुम्ही भरू नका. ते आजी-आजोबांना विचारू दे. आणि तुमच्या गावाकडे आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात, ते खाली नक्की लिहा. आमच्या यादीत जागा आहे.