एका वायरीने सोडवलेली मान

खराडीत आयटी पार्कमधले तरुण मान धरूनच दवाखान्यात येतात. त्यांना "लॅपटॉपवर वाकू नका" असे सांगणारा मी रात्री स्वतः वाकूनच लिहायचो. एके दिवशी नाडी बघताना बोटांना मुंग्या आल्या आणि घाबरलो. डॉक्टरची बोटंच बधिर झाली तर?

लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान वाकते, स्क्रीन उंच केली तर खांदे उचलले जातात. डोक्याचे वजन ४.५ ते ५ किलो. मान जितकी पुढे, तितका मणक्यांवर ताण जास्त.

घरात मॉनिटर होता, पण रोज चार वायरी लावायचा कंटाळा. मुलीने डॉकिंग स्टेशन आणले. मॉनिटर, कीबोर्ड, माउस त्याला कायमचे जोडलेले, लॅपटॉपला एकच यूएसबी-सी वायर. कंटाळ्याचे कारणच संपले.

आता मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर काटकोनात. दर अर्ध्या तासाने उठायचे मात्र आपणच. दीड महिन्यात माझ्या मुंग्या थांबल्या. पण हातातली ताकद कमी वाटली, वस्तू निसटू लागल्या, तर टेबल आवरत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.