कन्स्ट्रक्टरनं नुसतं मागायचं!

अँड्रॉइडची हिल्ट लायब्ररी चालली! कधी एकदा कुणाला सांगतो असं झालंय!

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगमध्ये बसून मी दूध संकलन केंद्रासाठी कोटलिनमध्ये अँड्रॉइड अ‍ॅप लिहितोय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकलं की दर लागून पावती निघाली पाहिजे. यातल्या 'संकलन' क्लासला दरपत्रक लागतं, डेटाबेस लागतो, ब्लूटूथ प्रिंटर लागतो. आतापर्यंत हे सगळं तो स्वतःच तयार करत बसायचा. डेटाबेसला कॉन्टेक्स्ट हवा, म्हणून मी तो पार स्क्रीनपासून खालपर्यंत पोचवत न्यायचो!

आता कन्स्ट्रक्टरमध्ये तिन्ही पॅरामीटर लिहायचे, त्याच्या आधी 'अ‍ॅट इन्जेक्ट' लावायचं, बस्स! आधी काय बनवायचं, कुणाला काय द्यायचं, ते हिल्ट बघतं. डेटाबेस कसा बनवायचा हे मॉड्यूलमध्ये 'अ‍ॅट प्रोव्हाइड्स'खाली एकदाच सांगायचं. वर 'अ‍ॅट सिंगलटन' लावलं की अख्ख्या अ‍ॅपला तोच एक डेटाबेस.

मार्टिन फाउलर यांनी 2004 च्या लेखात ही पद्धत, म्हणजे डिपेन्डन्सी इन्जेक्शन, सविस्तर मांडली. गुगलनं डॅगर लायब्ररीवर आधारलेलं हिल्ट 2020 मध्ये आणलं. म्हणजे हे इतकी वर्षं समोरच होतं!

प्रिंटर कुठून आणायचा हे सांगायचं राहिलं, तर अ‍ॅप बिल्डच होत नाही. कोणती वस्तू मिळत नाही, ते हिल्ट नावानिशी सांगतं. पहाटे केंद्रावर रांग लागलेली असताना कळण्यापेक्षा हे माझ्या लॅपटॉपवर कळलेलं लाख पटीनं बरं.

पण पावतीच्या भाषेचं काय? आमच्याकडे कुणाला पावती मराठीत हवी, कुणाला कन्नडमध्ये. ते माणूस समोर आल्यावरच ठरतं. त्याचीही सोय आहे! भाषेच्या पॅरामीटरला 'अ‍ॅट असिस्टेड' लावायचं आणि कन्स्ट्रक्टरला 'अ‍ॅट असिस्टेड इन्जेक्ट'. भाषा आपण फॅक्टरीतून द्यायची, बाकीचं हिल्ट भरतं.

खरी कमाल टेस्टमध्ये आहे. प्रिंटरचा इंटरफेस केला आणि टेस्टमध्ये कन्स्ट्रक्टरला खोटा प्रिंटर दिला, जो छापायचा मजकूर नुसता यादीत ठेवतो. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफचं गाईचं दूध घातलं, पावतीवरचा दर तपासला. खरा प्रिंटर बंद, ब्लूटूथ बंद, आणि टेस्ट पास! तिथे तर हिल्टसुद्धा लागलं नाही. कन्स्ट्रक्टर मोकळा होता, एवढंच पुरलं.

तुम्ही अ‍ॅप लिहीत असाल, तर सगळं एकदम बदलायला जाऊ नका. सगळ्यात जास्त वस्तू स्वतः तयार करणारा एक क्लास निवडा, त्या वस्तू कन्स्ट्रक्टरमध्ये आणा आणि आजच त्याची एक टेस्ट लिहून बघा.