गुरुजनांची परीक्षा

आमच्या मातोश्री मुलुंडच्या एका शाळेत वीस वर्षे सहावीस गणित शिकवीत आहेत. प्राथमिक वर्गांस बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, माध्यमिक वर्गांस पदवी व बी. एड. लागते, हे आम्हांस ठाऊक होते. आठवीपर्यंतच्या शिक्षकांकरिता पात्रता परीक्षाही असते : प्रश्न १५०, सर्वसाधारण उमेदवारास ६० टक्के गुण आवश्यक. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, अशा जुन्या शिक्षकांनीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण केली पाहिजे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे गेला. आता रात्री आम्ही प्रश्न विचारतो, मातोश्री उत्तरे देतात. नोकरी पणास लागली असताही चुकलेले उदाहरण त्या प्रथम आम्हांस समजावून देतात. नियम तो नियमच. त्यांस यश येवो.