एक विहीर, पाण्यापर्यंत

आम्ही नवरा-बायको दोघेही सॉफ्टवेअरच्या कामात आहोत. त्यामुळे निकालांचे दिवस आले की नात्यागोत्यातले आई-वडील आमच्याकडे सल्ला मागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : मुलाने एकाच तंत्रज्ञानात पक्के व्हावे, की थोडे थोडे सगळेच शिकावे? एक धरले आणि उद्या तेच बंद पडले तर?

ही भीती खोटी नाही. आमच्यापैकी एकाची रोजी कितीतरी वर्षे फ्लॅशवर चालली. वेबसाइटवरचे खेळ, हलत्या जाहिराती, मुलांचे धडे असे पुष्कळ काही तेव्हा फ्लॅशमध्ये होई. एप्रिल 2010 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी खुले पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नको ते सांगितले. जुलै 2017 मध्ये खुद्द ॲडोबी कंपनीने फ्लॅश बंद करणार असल्याचे जाहीर केले आणि 31 डिसेंबर 2020 रोजी ते संपले. कारागीर तोच, हुनर तोच, पण बाजारच उठला. काम आटत गेले, त्या दिवसांत घर दुसरीच्या जावावर चालले.

तरीही सगळे थोडे थोडे शिका, असे आम्ही कुणाला सांगत नाही. फ्लॅशची ॲक्शनस्क्रिप्ट आणि ब्राउझरची जावास्क्रिप्ट या एकाच घराण्यातल्या भाषा. ज्याने पहिली मुळापासून शिकली होती, त्याला दुसरी परकी वाटली नाही. वापरणाऱ्याने बटण दाबले की आत काय घडते, मेमरी कुठे वाया जाते, चूक कशी शोधायची, हे ज्ञान फ्लॅशबरोबर गेले नाही. ज्यांनी नुसते कुठे क्लिक करायचे एवढेच पाठ केले होते, त्यांना मात्र पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागले.

"आम्हाला कोणतेही तंत्र चालते," हे वाक्य पंधरा वर्षे काम केलेल्याच्या तोंडी शोभते. कारण एक-दोन तंत्रे खोलवर जाणून मगच तो तिथे पोहोचलेला असतो. नवशिक्याच्या बायोडेटात दहा नावे असतात आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते. एक ना धड, भाराभर चिंध्या!

एकदाच लिहा आणि सगळ्या फोनवर चालवा, असे सांगणारी साधनेही आहेत. 2015 मध्ये रिॲक्ट नेटिव्ह आले, डिसेंबर 2018 मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली. साधने चांगली आहेत. पण फ्लटर घेतले की डार्ट भाषा आली, म्हणजे तीही एक बांधिलकीच. शिवाय कॅमेरा किंवा नोटिफिकेशन अडले की त्या त्या फोनची आतली रचना समजून घ्यावीच लागते.

चिपळूणच्या आमच्या मोठ्या आपांच्या लेकीचे बीसीए झाले आहे. घरात एक साधा विंडोज लॅपटॉप आहे आणि फीचे पैसे एकदाच भरता येतील एवढे. आयफोनची ॲप बनवायला लागणारे एक्सकोड फक्त मॅकवर चालते. अँड्रॉइड स्टुडिओ विंडोजवर चालतो आणि फुकट मिळतो. म्हणून आम्ही म्हटले, "आपा, तिला अँड्रॉइड आणि कोटलिन शिकू द्या. दोन वर्षे इकडेतिकडे पाहायचे नाही. जोडीला एसक्यूएल आणि गिट मात्र हवेच, ते कुठल्याही कंपनीत कामाला येतात." आणि तिला वेगळे सांगितले : हिशेबाचे, व्याजाचे, सवलतीचे नियम स्क्रीनच्या कोडमध्ये मिसळू नकोस, वेगळे ठेव. उद्या फोन बदलला, भाषा बदलली, तरी ते नियम उचलून नेणे सोपे जाते. दोन वर्षांनी अगदी वेगळ्या वळणाचे दुसरे काहीतरी शीक, म्हणजे पहिले अधिक समजेल.

विहीर दहा ठिकाणी हात-हातभर खणून पाणी लागत नाही. म्हणून पालकांनी क्लासमध्ये किती भाषा शिकवता हे विचारू नये. आमचे मूल सहा महिन्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय एखादे चालणारे ॲप स्वतः बनवील का, ते बिघडले तर दुरुस्त करील का, हे विचारावे. याचे सरळ उत्तर मिळाले तरच फी भरावी.