नोएडाचा अपशकुन

आज बोटॅनिकल गार्डनला मेट्रोची मॅजेंटा लाइन पकडली आणि नोएडाचा तो अपशकुन आठवला. १९८८मध्ये वीरबहादूर सिंह इथे येऊन गेले नि थोड्याच दिवसांत त्यांचं उत्तर प्रदेशचं मुख्यमंत्रिपद गेलं. तेव्हापासून लखनौची खुर्ची या गावाला बिचकायची. मायावती २०११मध्ये आल्या, २०१२मध्ये हरल्या. झालं, शिक्कामोर्तब! पण अखिलेश पाच वर्षं इकडे फिरकलेच नाहीत, तरी २०१७मध्ये सत्ता गेलीच की. तो हिशेब कुणी मांडत नाही. योगी याच लाइनच्या उद्घाटनाला आले आणि २०२२मध्ये पुन्हा निवडून आले.

दिवसभर डेटा चाळून पोट भरणारा मी. असला युक्तिवाद माझ्या डाव्या हातचा मळ. मग काल लेकीचा निकाल उघडण्याआधी माझे हात देव्हाऱ्यातल्या गणपतीपुढे का जुळले? ती हसली, "बाबा, मार्क कधीच ठरलेत." खरंय. पण मी मार्क मागितलेच नव्हते. बोटं थरथरत होती, ती थांबायला हवी होती. भीती मुख्यमंत्र्यांची नि माझी एकच असेल. मी तिच्यापायी एखादं गाव टाकलं नाही, एवढंच.

कालकाजी मंदिर स्टेशन आलं. निम्मा डबा रिकामा झाला. मी बसून राहिलो. ऑफिस पुढे आहे.